अक्का, कुंभकोणमची भांडी आणि आपण दोघी

अक्का, काल तुमच्या दहाव्याला आलेल्या बायका एकीमागून एक तेच सांगत होत्या. फार सोशीक होत्या हो तुमच्या जाऊबाई. कधी वर मान करून बोलल्या नाहीत. मी पदर तोंडाला लावला, तर एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रडते आहे असं तिला वाटलं. मी हसू दाबत होते. तुम्ही आणि सोशीक. वर मान करायची तुम्हाला कधी गरजच पडली नाही, एवढंच काय ते खरं. मान खाली घालून, चिंच कोळता कोळता तुम्ही या घरातल्या पुरुषांना जिथं न्यायचं तिथं बरोबर नेलंत.

अहेवपणी गेल्या, भाग्याच्या होत्या, असंही म्हणाल्या. असेल. तुमच्या अस्थी तिरुवैयारूला, तुमच्या माहेरच्या घाटावर कावेरीत सोडल्या. ते सगळं रीतसर झालं. आता घरात सुतक आणि हाताला काम नाही, म्हणून लिहायला बसले आहे. माझ्या वडिलांनी मला बाळबोध लिहायला शिकवलं याचा तुम्हाला हेवा वाटायचा आणि तो तुम्ही कधी लपवलाही नाहीत. तेव्हा हे तुमच्यासाठीच आहे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. तुम्हीही कुठलीही गोष्ट पहिल्यापासूनच सांगायचात, आणि मध्येच कुणी उठलं तर परत सुरुवातीला जायचात.

मामंजी गेल्यावर राजवाड्यामागच्या मोठ्या घराची वाटणी झाली. एका बाजूला चुलत दीर, दुसऱ्या बाजूला आपल्या दोघींचे यजमान. घर त्यांच्याकडे राहिलं, जमिनीपैकी ओरत्तनाडूकडचं शेत आपल्याकडे आलं. मग भांडी अंगणात मांडली. आपल्या घरात प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असायचं, आणि ज्याचं नाव त्याच्या वंशाचं भांडं असा हिशेब. एकानं नाव वाचायचं, दुसऱ्यानं उचलून उजवीकडे नाहीतर डावीकडे ठेवायचं. आपण दोघी खांबाआड उभ्या होतो. वीसेक वर्षं तुम्ही त्या भांड्यांत रांधलं होतंत. कुठली हंडी एका अंगानं आधी तापते, कुठल्या कढईत वांगी लागतात, हे तुमच्या हाताला पाठ होतं. पण तुमचं नाव कशावरच नव्हतं. तुमच्या माहेरून आलेली भांडी मामंजींनी कधीच आटवून एक मोठी हंडी करून घेतली होती, आणि तिच्यावर आजेसासऱ्यांचं नाव घातलं होतं. आजेसासऱ्यांचं नाव ते थोरल्या पातीचं, म्हणून ती हंडीही चुलत दिरांच्या बाजूला गेली. तिला दोघं जण उचलत होते आणि तुम्ही बघत होता. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. आपल्याकडे देवघरातली थोडी उपकरणी आली आणि पाणी तापवायचं एक पोचे आलेलं तपेलं.

 भाड्याच्या घराकडे जाताना बैलगाडीत तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुळजा, नव्या चुलीवर दुसऱ्याच्या पसंतीचं भांडं मी चढवणार नाही. आता मी निवडणार." मी तेव्हा घरात नवी होते आणि तुम्हाला भीत होते. मला वाटलं, या बाईचं डोकं उन्हानं फिरलं आहे. आपल्या घरातल्या बायकांना देवळापर्यंत मोकळीक होती. बाजारात पुरुष जायचे. मिरी, हिंग, लुगडी, पितळ, सगळं त्यांच्या पसंतीनं यायचं आणि आपण ते वापरायचं.

आणि झालंही तसंच. दुसऱ्याच दिवशी भावजी हातगाडी घेऊन दारात. तुमचे यजमान, कलेक्टर कचेरीतले, स्वच्छ धोतराचे आणि ठाम मताचे. गाडीत सगळी अ‍ॅल्युमिनियमची भांडी, नवी चकचकीत, एकात एक बसवलेली. गाडी हलली की नुसता खडखडाट. "मद्रासला मोठमोठ्या घरांत हीच चालतात," भावजी म्हणाले. "कल्हई नोको, वजन नोको. तुमचेच हात वाचतील." एवढं मात्र खरं की त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी तुमच्यावर उपकार केले. शिवाय एक जुन्या पद्धतीचं भांडं त्यांनी आपल्या जिभेखातर आणलं होतं: ईयच्चोंबू. कथलाचा तो पांढरा, मऊ, गोल चोंबू. रसम त्यातच व्हायला हवं, नाहीतर भावजी पानावरून उठायचे नाहीत, पण खायचेही नाहीत.

तुम्ही गाडीकडे पाहिलंत. हसलात. मग अगदी नम्रपणे म्हणालात, "भांडी छान अहेत. आता एवढी रीत करा. नव्या घरात ज्यानं भांडं आणलं, त्यानंच ते पैल्यांदा चुलीवर ठेवायचं. अमच्या माहेरी असंच करतात."

अक्का, मी नंतर तुमच्या माहेरी विचारलं. आईला विचारलं, मावशीला विचारलं, तिरुवैयारूच्या अर्ध्या अग्रहारात विचारलं. असली रीत कुणी ऐकलेली नव्हती. ती तुम्ही उंबऱ्यात उभ्या उभ्या केलीत. पण भावजी रीतीपुढे मान झुकवणारे. त्यांनी उपरणं कमरेला बांधलं, चुलीपुढे बसले आणि विचारलं, काय ठेवू? तुम्ही म्हणालात, "तुमच्या आवडीचं ठेवा."

त्यांनी ईयच्चोंबू ठेवला. रिकामा. आधी भांडं तापवायचं, मग त्यात घालायचं, हे त्यांनी कुणाच्या तरी तोंडून कढईबद्दल ऐकलं असणार. जन्मभर त्या चोंबूतलं रसम जेवलेला माणूस, पण त्यात आधी चिंचेचं पाणी ओतून मगच तो विस्तवावर चढवायचा, हे त्याला कोण सांगणार? स्वयंपाकघरात ते कधी आलेच नव्हते. लाकडं चांगली पेटलेली. भावजी चिंचेचं पाणी आणायला परसात गेले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. घट्ट. बांगडी रुतली. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चुलीकडे बघत होता.

आधी चोंबूची कड वाकली. मग तो एका बाजूला बसला, म्हातारं माणूस भिंतीला टेकून बसतं तसा. मग पांढरे थेंब लाकडांवरून खाली आले आणि राखेत चकाकू लागले. भावजी हातात वाटी घेऊन आले, चुलीपुढे उभे राहिले.

"चोंबू कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या चुलीतच अहे," तुम्ही म्हणालात.

 माझे यजमान दारात होते, शाळेत पोरं शांत बसवणारा माणूस, पण त्यांना स्वतःचं हसू बसवता येईना. मला वाटलं, आता भावजी संतापणार. ते संतापले नाहीत. वाटी खाली ठेवली, उपरणं सोडलं, आणि म्हणाले, "तुला हे ठाऊक होतं?" तुम्ही म्हणालात, "मला कोण विचारतंय?"  संध्याकाळी त्यांनी आपल्या धाकट्या भावाला बोलावून सांगितलं, उद्या या दोघींना कुंभकोणमला घेऊन जा. त्यांना पायजे ते घेऊ दे.

ते तसं करतील हे तुम्हाला आधी ठाऊक होतं का, की जे होईल ते बघू म्हणून तुम्ही गप्प राहिलात? किती वेळा माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं नसतंच, म्हणून राहून गेलं. आता मी माझ्या मनाला हवं ते उत्तर धरून चालणार. तुम्हाला ठाऊक होतं.

कुंभकोणमची ती भांड्यांची गल्ली! ठोकाठोकीनं कान किटले, तरी आपण दोघी अशा चाललो होतो की जणू उत्सवाची पालखी आपल्याच मागून येते आहे. दुकानदारानं यजमानांना "वांगो सामी", या महाराज, करून बसायला चौरंग दिला आणि आपल्याला दिला नाही. त्यानं त्यांच्यापुढे भांडी मांडायला सुरुवात केली. ते म्हणाले, "मला काय दाखवता? त्यांना विचारा," आणि चक्क बाहेरच्या तिण्णैवर, ओसरीवर जाऊन बसले. त्या माणसाशी मी जन्मभर भांडले, पण त्या दिवशी तो मला फार आवडला.

मग तुमचा दरबार सुरू झाला. दुकानदारानं एक काशाची हंडी पुढे केली, घासून आरशासारखी केलेली. तुम्ही तमिळमध्ये म्हणालात, आतून दाखवा, बाहेरून काय पाहुणे बघतील. हात आत घालून तळ चाचपलात. बोटावर तोलून टिचकी मारलीत, कान लावून आवाज विरेपर्यंत ऐकलात, आणि परत ठेवलीत. दुसरी. तीही परत. एकीत पाणी भरायला लावून कोरड्या फळीवर ठेवलीत, आणि फळीवर ओल उमटते का ते बघत दुकानदाराच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करत बसलात. घाम त्याला फुटला होता, तुम्हाला नाही. शेवटी तो स्वतः उठून मागच्या खोलीतून एक काळपट, न घासलेली हंडी घेऊन आला. तुम्ही टिचकी मारलीत, तर आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. तुमच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी तुमच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "ही."

लोखंडी कढई घेतलीत, जाड बुडाची, कान मजबूत. नवा ईयच्चोंबू घेतलात. मग मी हळूच म्हणाले की मला एक कल्चट्टी हवी होती, दगडाची, वत्तकोळंबूच्या आंबट, घट्ट आमटीसाठी. माझ्या माहेरी सगळं आंबट दगडातच शिजायचं. तुम्ही नाक मुरडलंत. दगड तडकतो, दगड जड, दगडाचा भरवसा नाही. मी म्हणाले, तेल-हळद लावून, रोज गरम पेज ओतून आठवडाभर माणसाळवला की तडकत नाही.  तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मग तुझी तू निवड." आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिलात, म्हणजे मी तुमच्या तोंडाकडे बघून निवडायला नको.

अक्का, मला तोवर कुणी काही निवड म्हणालं नव्हतं. लुगड्याचा रंग आईनं ठरवला, नवरा वडिलांनी, माझं जेवायचं पान कुठल्या कोपऱ्यात मांडायचं ते सासूबाईंनी. मी त्या दगडी भांड्यांच्या राशीपुढे बसले आणि एकेक उचलून, उजेडात धरून, शिरा बघत, टकटक करत इतका वेळ लावला की यजमान आत येऊन बघून गेले. तुम्ही एकदाही मागे वळल्या नाहीत. तुम्ही मला काय दिलंत ते तिथंच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आज सांगते: तुम्ही मला माझी पसंती दिलीत, आणि ती चुकली तर चुकू दे म्हणून पाठही फिरवलीत. एवढं मला माझ्या आईनंही दिलं नव्हतं.

मग नाव घालायची वेळ आली. छिन्नी घेऊन बसलेला कारागीर म्हणाला, "पेर सोल्लुंगो." नाव सांगा. दुकानदार बाहेर तिण्णैकडे बघू लागला, घरच्या कर्त्याचं नाव काय असेल म्हणून. तुम्ही म्हणालात, "हिकडे बघा. अंबुजा, तुळजा. दोन्ही घाला. प्रत्येकावर." त्यानं विचारलं, कुठल्यावर कुणाचं? तुम्ही शांतपणे पुन्हा म्हणालात, प्रत्येकावर दोघींचं. मी तुमच्या कानाशी म्हणाले, अक्का, हे काय. तुम्ही मराठीत सांगितलंत, "आता वाटा म्हणावं." आणि खरंच कोण वाटणार? परवा-परवा मुलांनी वेगळं बिऱ्हाड करायची भाषा काढली, तेव्हा त्यांनी फळीवरची भांडी एकेक खाली काढून पाहिली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्यानं परत वर ठेवली. बिऱ्हाडाचं पुढं काही झालं नाही.

येताना आगगाडीच्या डब्यात कढई तुमच्या मांडीवर, कल्चट्टी माझ्या मांडीवर, आणि हंडी दोघींच्या मध्ये तिकीट काढल्यासारखी बसलेली. पुढच्या चांगल्या दिवशी ओरत्तनाडूच्या शेतातल्या नव्या तांदळाचं पोंगल त्या हंडीत ठेवलं. उतू जायला लागलं तेव्हा तुम्ही आच कमी केली नाहीत. जाऊ दे म्हणालात. चारी बाजूंनी फेस ओघळला, चूल विझायला आली, आणि आपण दोघी भिजलेल्या लाकडांच्या धुरात डोळे पुसत हसत होतो. भावजी रसम जेवले. दुसऱ्यांदा मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी वाढायचं विसरले.

आता आपल्या भांडणाकडे येते, कारण तुम्ही गेलात म्हणून मी हरले असं होत नाही. भावजींनी आणलेली ती अ‍ॅल्युमिनियमची भांडी तुम्ही मोडीत घालायला निघालात, तेव्हा मी एक पातेलं मागे ठेवलं. दुधासाठी. आंबटाला ते वाईट, मान्य. चव बिघडते, मान्य. पण दुधानं कुणाचं काय घोडं मारलं आहे? लवकर तापतं, उचलायला हलकं, लाकूड वाचतं. तुम्ही त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाहीत. गायीला तांदळाचं धुवण घालायला दिलंत त्याला, इतकी त्याची अप्रतिष्ठा. मी आत आणायची, तुम्ही बाहेर ठेवायचात. वर्षानुवर्षं. आपल्या मुलांची लग्नं झाली, सुना आल्या, त्या पातेल्याची ये-जा चालूच. सुनांना वाटायचं, हाही काहीतरी कुळाचार असेल.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात पेज पटकन हवी असायची, तेव्हा मी ती त्याच पातेल्यात केली. तुम्ही डोळे मिटून पडल्या होतात. मी चमच्यानं भरवली. तुम्ही गिळलीत आणि डोळे न उघडता म्हणालात, "कंजी बरी अहे. भांडं नोको." मी म्हणाले, अक्का, आता तरी माना. तुम्ही मान हलवलीत. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मला कळलं नाही. मी हो धरलं आहे. तुम्ही नाही धरलं असेल तर तुमचं तुमच्यापाशी ठेवा, पातेलं मी आत आणलं आहे.

आणि आणलं, तर त्याला कुणाचाही विरोध नाही, हे मला अजिबात आवडलेलं नाही. सकाळी ते चुलीवर चढवते आणि मान वळवून दाराकडे बघते. तुमची फार आठवण येते, अक्का. भांडायला या घरात तुमच्या तोडीचं कुणी उरलं नाही.

आज दुपारचं सांगून थांबते. भटजी आले होते, परवाच्या तेराव्याच्या तयारीचं बोलायला. तुमच्या नावानं एक भांडं दान द्यायचं आहे. भटजी नेहमीप्रमाणे म्हणाले, तुम्ही कशाला त्रास घेता, माझं दुकान ठरलेलं आहे, मी सकाळी येतायेता घेऊन येतो. मी आत कोथिंबीर निवडत होते. भावजी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. या दहा दिवसांत ते कुणाशी धड बोललेले नाहीत. विचारलं तर हं म्हणतात, पान वाढलं तर जेवतात.

ते उठले. हळूहळू चालत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, उंबऱ्याबाहेर थांबले, आणि मला म्हणाले, "तुळजा, सुनांना घेऊन जा. तिला चालेल असं बघून आण." मी म्हणाले, भटजी आणतायत ना. तर ते वळले, आणि भटजींना असं सांगितलं की जणू हे चारशे वर्षांपासून चालत आलं आहे आणि भटजींनाच ठाऊक नाही याचं त्यांना नवल वाटतं आहे.

"अमच्या घरात भांडी पुरुष आणत नाहीत," भावजी म्हणाले.

मग घोड्याचा जटका बोलवायला ते स्वतः कोपऱ्यापर्यंत गेले. सुना तयार होऊन उभ्या आहेत. धाकटीनं आताच मला विचारलं की भांडं कसं ओळखायचं ते दाखवाल ना, आणि मी तिला म्हणाले, दाखवीन, पण निवडणार तू. गाडी दारात आली आहे. येते, अक्का.